दहापैकी किती

निर्मळ, ऑक्टोबर २००३

प्रिन्सी,

ब्रिजिता टीचर यंदाही फॉर्म घेऊन आल्या. आठवीपासून, शाळा सुटली तरी, दरवर्षी आपल्या वर्गाला विचारतात तेच, आयुष्यावर किती समाधानी, दहापैकी. नववीत तू माझ्या कागदात डोकावून म्हणालीस, "नऊ? येड्या, गणितात नापास झालायस." तू शेजारच्या बाकावर बसायला आलीस म्हणून नऊ, हे मी सांगितलं नाही.

तुझ्यावरून कॉलेजातल्या त्या पोराला मारलं, तू बोलणं सोडलंस, आणि रागात मी कॉलेज सोडलं. आता पप्पांबरोबर वाडीत केळीचे घड कापतो. टीचर तिथेच आल्या. मी विचारलं, "प्रिन्सीने किती दिले?"

"तिने पुण्याहून पाठवलाय. कोणाचा आकडा कोणाला सांगत नाही मी."

तुझा आकडा मोठा असेल तर मला राग येईल. लहान असेल तर जास्त येईल.

मी सात लिहिले. "खरे ना रे?" टीचर म्हणाल्या. पप्पा मागेच उभे होते, मी हो म्हटलं.

खरे दोन आहेत. एक पप्पांचा, दिवसभर सोबत असतात आणि तुझं नाव काढत नाहीत. दुसरा बहुतेक याचा, की पुढच्या वर्षी टीचर पुन्हा विचारायला येतील.

हे टपालात टाकणार नाहीये.

फेबियन