‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असे छापलेल्या बाटलीच्या तपासणीबाबत

प्रति,
मा. सहायक आयुक्त (औषधे),
अन्न व औषध प्रशासन, बीड.

अर्जदार : सौ. करिष्मा अभिमन्यू नागरगोजे, मु. पो. नांदूरघाट, ता. केज.

विषय : केस सरळ करण्याच्या क्रीमचा नमुना आमच्या घरातून घेऊन तपासण्याबाबत.
संदर्भ : नाही. हा माझा पहिलाच अर्ज आहे.

महोदय,

१. मी बी.एस्सी. (प्राणिशास्त्र) असून मला आठ महिन्यांचा मुलगा आहे. पती व थोरले दीर ऊसतोडीला गेले आहेत. घरात सासूबाई, थोरल्या जाऊबाई मंगल आणि आम्ही मायलेकरं. जाऊबाई पुढच्या खोलीत पार्लर चालवतात. मधे भिंत नाही, पडदा आहे.

२. लग्नसराईमुळे केस सरळ करायला पोरी येतात. क्रीम लावून गरम मशीन फिरवली की वाफ निघते. येणारे-जाणारे डोकावतात म्हणून दार-खिडकी लावलेली असते. पोरींच्या डोळ्यांना धार लागते आणि माझे बाळ खोकून खोकून दूध टाकते. हा वास माझ्या ओळखीचा आहे. कॉलेजात बेडूक-साप ठेवलेल्या बरणीचे झाकण काढले की हाच येई : फॉर्मॅलिनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या फॉर्मल्डिहाइडचा.

३. बाटलीवर समोर ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असे ठळक छापले आहे. मागे घटकांत मात्र ‘मिथिलीन ग्लायकॉल’ आहे. फॉर्मल्डिहाइड पाण्यात मिसळले की हेच तयार होते, आणि तापवले की तोच वायू सुटतो. मी शंका काढली तेव्हा जाऊबाईंनी बाटली माझ्या तोंडापुढे धरली, “वाच की, लई शिकलेली हायस ना!” मी मागची बाजू वाचून दाखवली.

४. इथे माझीही चूक नमूद करते. बाळाच्या जावळासाठी जाऊबाई आपणहून माझे केस सरळ करून देणार होत्या. मी चार बायकांदेखत म्हणाले, “नको, त्यात विष हाय.” बसलेले गिऱ्हाईक उठून गेले. त्या दिवसापासून जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, “हिला समद्यातच वास येतो.” पतींना फोन केला तर, “मी हितं फडात हाय, तुमचं तुमी बघा.” मशीन सुरू झाली की मी बाळाला गुंडाळून थंडीत बाहेर ओट्यावर बसते. नळावरच्या बायका मी गेले की गप्प होतात.

५. पार्लर बंद करावे अशी माझी मागणी नाही. जाऊबाईंना दहावीपुढे कोणी शिकू दिले नाही. हे काम त्यांनी एकटीने उभे केले आहे. सर्वांत जास्त वाफ त्यांच्याच नाकात जाते. त्यांचा आवाज बसला आहे, त्या तो थंडीवर ढकलतात. चौकशी करायचीच तर क्रीम बनवणाऱ्यांची व विकणाऱ्यांची व्हावी.

६. चमचाभर क्रीम मी बाळाच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवले आहे. पण ते चोरून घेतलेले, पुराव्यात धरले जाणार नाही. म्हणून निरीक्षकांनी स्वतः यावे, शक्यतो मशीन चालू असताना. माझे नाव गुप्त ठेवा असे लिहिणार होते. पण नांदूरघाटात असा अर्ज दुसरे कोण करणार? तेव्हा नाव सांगितले तरी चालेल.

७. क्रीममध्ये दोष निघाला तर जाऊबाईंना निरीक्षकांनीच समजावून सांगावे, माझे त्या ऐकणार नाहीत. काहीच निघाले नाही तर तसेही लेखी कळवावे. तो कागद घेऊन मी त्यांची माफी मागेन. दोन्हींपैकी काहीही होवो, पण लवकर व्हावे. दिवसभर मी फक्त बाळाशी बोलते, आणि त्याला अजून बोलता येत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
सौ. करिष्मा अ. नागरगोजे
दि. १५ डिसेंबर २०२५

सोबत : १) बाटलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो. २) बाळाच्या डॉक्टरांची चिठ्ठी (तीत ‘अ‍ॅलर्जी असावी’ एवढेच आहे).