न दाखवलेला भाग

आई, तू बघायचीस ती मालिका अजून चालू आहे. थोरली सून आता स्वतः सासू झाली आहे, तिच्या केसांना कडेने पांढरा रंग लावतात, आणि तांब्यापितळेच्या भांड्यांचं त्यांचं दुकान जाऊन तिथं काचेचं मोठं शोरूम आलं आहे. तू गेलीस तेव्हा मी दहावीला होते. आता राजारामपुरीत एका क्लासमध्ये मुलांना विज्ञान शिकवते. आपल्या घरातली पहिली पदवी माझी आहे, हे तुला सांगायला मिळालं नाही. संध्याकाळी क्लास असतो म्हणून मालिका मी दुसऱ्या दिवशी जेवताना मोबाइलवर बघते, आणि खोलीतल्या मुली हसतात. "अगं, ही अजून संपली न्हाई?" म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. पण आपल्या भागातल्या, ही मालिका आवडणाऱ्या माणसांचा मोबाइलवर एक गट आहे, त्यात मी कॉलेजपासून आहे. तिथं 'थोरली' म्हटलं की कोण थोरली, असं कुणी विचारत नाही. तुझ्याजवळ बसून घालवलेल्या संध्याकाळींबद्दल ज्यांच्याशी बोलता येईल अशी माझ्यापाशी एवढीच माणसं आहेत. आणि तो गट बंद करायचं चाललं होतं.

त्यातल्या टीव्ही लागलेल्या संध्याकाळींपेक्षा वीज गेलेल्याच मला जास्त आठवतात. राधानगरीच्या बाजूला पाऊस लागला की वीज दोन-दोन, तीन-तीन दिवस यायची नाही. तरी डेअरीला दूध घालून बायका सवयीनं आपल्याकडेच यायच्या. पडदा काळा, घरात कंदील, चुलीवर नाचणीची भाकरी, आणि त्या भिंतीला टेकून बसलेल्या. कुणीतरी म्हणणार, "काय झालं असंल गं आज थोरलीचं?" आणि तू पीठ मळता मळता सुरू व्हायचीस. कोण कुठं उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, सगळं. भाकरी उलटायची वेळ आली की म्हणायचीस, "थांबा, जाहिरात लागली." बायका हसायच्या, पण जागच्या हलायच्या नाहीत. मी एकदा मध्येच ओरडले होते, "हे खरं नाही, आई मनानं सांगते." तू वळून माझ्याकडे बघितलंस. "वीज आल्यावर त्यांचं बघ की. आता माझं ऐक." वीज आली आणि खरा भाग लागला की शेजारच्या काकू नाक मुरडायच्या. "हे काय दाखवत्यात? परवाचंच बरं हुतं." मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. सगळ्यांच्या आयांना असं येत असेल असंच वाटायचं.

गटाची बैठक कसबा बावड्यात काकांच्या गच्चीवर झाली. काका म्हणजे गट चालवणारे. त्यांनी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केली, त्यामुळे पंधरा माणसांतही ते मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असंच बोलतात. चहा झाल्यावर त्यांनी सरळ विषय काढला. "गटावर चार-चार दिवस कोण बोलत न्हाई. आपली मालिका आता लोकांची राहिली न्हाई, हे एकदा मान्य करूया आणि गुंडाळूया." मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला एक दादा लगेच म्हणाला, "काका, माझ्या दुकानात दिवसभर मोबाइल येत्यात. एकाच्यात बी ही मालिका दिसत न्हाई. दिसली तरी गिऱ्हाईक म्हणतंय, आईची हाय." मी उभी राहिले. मी तयारी करून गेले होते, आई, भाषणाला जाते तशी. म्हटलं, एखादी गोष्ट किती लोक बघतात यावरून तिची किंमत ठरत नाही. दादा म्हणाला, "ताई, किंमत कोण विचारतंय? बघतंय कोण, एवढंच विचारतोय." सगळे हसले. मीही हसले, पण खाली बसले नाही. काका जुन्या दिवसांचं सांगू लागले, मालिकेच्या वेळी बस निम्मी रिकामी धावायची, आणि त्यांच्या तोंडून ते श्रद्धांजलीसारखं वाटत होतं. मग ते म्हणाले, "शेवटचं म्हणून प्रत्येकानं आपला आवडता भाग सांगायचा. मग गट बंद."

काकांच्या शेजारच्या घरी लेकीकडे राहायला आलेल्या एक मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या गटात नव्हत्या, नुसत्या ऐकायला आल्या होत्या. राधानगरीकडच्याच, पण नदीपलीकडच्या, मी कधीही न पाहिलेल्या गावच्या. त्या म्हणाल्या, "मी सांगू का? त्यो साकवाचा भाग. थोरलीला घरातनं हाकललंय, पाऊस धो धो, आणि ती ओढ्यापाशी येती तर पलीकडं जायचा साकव पाण्याखाली. हातात माहेरचा तांब्या तेवढा. मागनं सासू येत्या, डोक्यावर पोत्याची खोळ. तोवर कवा सुनंच्या हातचा च्या घेतला न्हाई तिनं. माफी बिफी काय मागत न्हाई. म्हणत्या, 'मला भूक लागल्या. घरला चल, भात लाव.' थोरली इचारती, 'किती जणांचा लावू?' आणि सासू म्हणत्या, 'तुला धरून लाव.'" काकांनी चष्मा काढून पुसला. मावशी म्हणाल्या, "आमच्यात अजून बी जेवायला बसताना म्हणत्यात, तुला धरून."

आई, तो भाग मी ओळखला. या मालिकेतल्या घराजवळ ओढा नाही. साकवही नाही. ते लोक कुठल्यातरी मोठ्या शहरात राहतात. साकव आपल्या गावच्या खालच्या अंगाला आहे, आणि पावसात तो पाण्याखाली जातो.

दादानं तोवर मोबाइल काढला होता. जुने सगळे भाग त्याच्याकडे आहेत. तो बराच वेळ शोधत राहिला आणि मग म्हणाला, "मावशी, असला भागच न्हाई." मावशी चिडल्या. "न्हाई कसा? ह्या डोळ्यांनी बघितलाय. हिरवं लुगडं हुतं थोरलीच्या अंगावर." मी ऐकलं तेवढ्यात तू लुगड्याचा रंग सांगितला नव्हतास. दादा म्हणाला, "दुसरी कुठली मालिका असंल." "मग मी काय येडी हाय व्हय?" मावशींचा आवाज फाटला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी उभीच होते. एका वाक्यात मला सगळं सांगता आलं असतं. पण तसं केलं असतं तर मावशींनी जे डोळ्यांनी बघितलं ते मी सगळ्यांसमोर पुसून टाकलं असतं. तुझा भाग आपल्या चुलीपासून निघून, दुधाच्या रांगेतून, बाजारातून, कुणाच्या तरी लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या तोंडून नदीपलीकडे गेला होता, आणि तिथं पोचेपर्यंत त्याला रंगसुद्धा आला होता. लिहायला न येणाऱ्या बाईचं, वीज नसताना सांगितलेलं. दादाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर पदराने डोळे टिपत बसलं होतं. मी एवढंच म्हणाले, "मावशी बरोबर सांगतायत. हा भाग मला माहीत आहे." काका एकदम ओरडले, "मग सापडत कसा न्हाई? त्यो भाग सापडल्याबिगर गट बंद करायचा न्हाई, सांगून ठेवतो!" दादानं हात जोडले. "शोधा बाबा." आणि काका माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तू शिकलेली हायस. तूच शोध."

त्या दिवसापासून गट पुन्हा बोलायला लागला आहे. कुणी म्हणतं गणपतीच्या आधीचा भाग, कुणी म्हणतं सासू बदलली त्याच्या आधीचा. दोघींनी तर आपणही तो बघितल्याचं लिहिलं आहे. ही मालिका लोकांची राहिली आहे की नाही, ते मला माहीत नाही. तुझी मालिका मात्र आहे. तू असतीस तर हे वाचून दाखवलं असतं. आता नुसतं लिहून ठेवते, पत्र म्हणून कुठं टाकणार?

गच्चीवर कुणालाच न सांगितलेलं तेवढं तुला सांगते. तू साकवाचा भाग सांगत होतीस त्या संध्याकाळी मी चुलीच्या उबेला झोपले होते. थोरली पाण्यापाशी आली, तू भाकरी उलटायला थांबलीस, एवढंच मला आठवतं. पुढं काय झालं हे मी तुला कधी विचारलंच नाही. सासूचं ते वाक्य मी मावशींच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते तुझं, की वाटेत कुणी घातलेलं, हे आता मला कळायला मार्ग नाही. काल काकांनी पुन्हा विचारलं, "सापडला का?" मी लिहिलं, "शोधतेय, काका." आणि ते काही अगदीच खोटं नाही.