पाचव्या पानाचा कोपरा

सर, गेल्या आठवड्यात विभागात चुना मारायचा म्हणून कपाटं बाहेर काढली आणि ती फाइल हाती आली. इतवारीतल्या तांबटांच्या शब्दांचा कोश करायचा म्हणून मी तुमच्यामार्फत दिल्लीच्या आयोगाकडे अनुदान मागितलं होतं, त्या प्रस्तावाची कार्यालयीन प्रत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या पाचव्या पानाबद्दल मला काही विचारायचं आहे आणि ते सांगू शकेल असं दुसरं कोणी नाही.

प्रस्ताव लिहिण्याआधी तुम्ही मला इतवारीत नेलंत. हातगाड्यांमधून वाट काढत, धोतराचा सोगा हातात धरून तुम्ही पुढे. म्हातारा तांबट पाणी भरायच्या तांब्याच्या गुंडाला ठोके घालतो आहे. हातोड्यांची नावं, भट्टीच्या आचेची नावं मी कार्डांवर उतरवून घेते. मग तो हात तिरपा करून काठाजवळ एक हलका ठोका मारतो आणि भांड्याचा आवाज बदलतो. मी विचारते, या ठोक्याला काय म्हणता? "काही म्हणत नाही वं बाई. मारतो." मी पुन्हा विचारते. तो तुमच्याकडे बघतो. "मास्तर, हे बाई काहून मागं लागून राहिली? नाव ठेवल्यानं गुंडात पाणी जास्त मावते का?" तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला.

अर्जाच्या पाचव्या पानावर अपेक्षित निष्कर्षांचा रकाना होता. तिथे मी भरभरून लिहिलं होतं : प्रत्येक क्रियेचा शब्द सापडेल, प्रत्येक शब्दाचं मूळ लावता येईल. तुम्ही पेन्सिलीनं सगळं खोडलंत आणि बाजूला लिहिलंत, "अजून माहीत नाही." वर म्हणालात, "आधीच माहीत असेल तर तिथे जायचं कशाला?" बाकी पानांच्या कोपऱ्यात तुमची बारीक सही झाली. पाचवं पान नव्यानं टाइप व्हायचं होतं. तुम्ही अमरावतीला लेकीकडे गेलात. सोमवारी परतल्यावर त्या पानावर सही करणार होतात आणि त्याच दिवशी अर्ज रजिस्टरनं जायचा होता.

आपले टंकलेखक तुमची दुरुस्ती वाचून थांबले. "बाई, हे असंच टाइप करू? दिल्लीवाले म्हणतील, माहीत नाही तं घरी बसा." माझी नेमणूक हंगामी होती. प्रकल्प मिळाला तरच जूननंतर मी विभागात राहणार होते. मी म्हटलं, माझं आधीचंच टाइप करा. त्यांनी चार कार्बन लावले. सर यायच्या आत पाठवून द्या, एक सही नसली तर कोण बघतंय, असंही मी सांगितलं. आणि सोमवारी रजा घेतली.

अनुदान मिळालं. तुम्ही म्हणालात, "मिळालं ना? मग लाग कामाला." कार्डं ठेवायला बिस्किटांचे दोन रिकामे डबे घरून आणून दिलेत. पण इतवारीत पुन्हा कधी माझ्याबरोबर आला नाहीत. कधी वाटायचं, तुम्हाला कळलं आहे. कधी वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून येत नसाल. विचारलं नाही. अहवाल पूर्ण व्हायच्या आधी तुम्ही गेलात.

आता बघते तर पाचव्या पानाच्या कोपऱ्यात तुमची सही आहे. पान मी टाइप करवलेलं, शब्द माझे, सही तुमची. म्हणजे सोमवारी ते तुमच्यासमोर आलं होतं. वाचलंत का? टंकलेखकांची सवय तुम्हाला ठाऊक आहे, कागदांचे नुसते कोपरे उलटत "सर, इथं. इथं. इथं." की वाचलंत, आणि माझी नोकरी तुम्हाला तुमच्या त्या दुरुस्तीपेक्षा मोठी वाटली? खिडकीशी नेऊन पाहिलं. बाकी पानांवरल्यापेक्षा ही सही जरा आखूड आहे. आखूड सहीवरून काय ठरवायचं? रविवारी कन्हानला गेले. टंकलेखक तिथे मुलाकडे असतात. त्यांना सगळं आठवत होतं, पण सांगायचं नव्हतं. "तुमचं काम झालं होतं ना बाई? मग आता काहून उकरून राहिल्या?" चहा प्यायले आणि परत आले.

हे पत्र त्या फाइलला लावणार होते. चुना वाळला, कपाटं आत गेली, फाइल जागेवर ठेवली. पत्र माझ्याजवळच राहिलं आहे.

अहवालात त्या तिरप्या ठोक्याला नाव आहे, सर. सापडेल असं लिहिलं होतं, म्हणून सापडावं लागलं. आधी मूळ ठरवलं, मग घरी बसून त्यावरून शब्द तयार केला. तांबट तेव्हा होता. त्याला तो सांगायला मी गेले नाही. अहवालाच्या त्या पानाच्या कोपऱ्यात माझी एकटीची सही आहे.