मागच्या चाकातली हवा

२ सप्टेंबर

डॉक्टर बोलत होत्या तेव्हा हे खाली गाडी लावायला जागा शोधत होते. बरंच झालं! ते वर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. काय म्हणाल्या, विचारलं. गोळ्या बदलल्यात, मी म्हटलं. खोटं नाही. बदलल्याच आहेत. आधीच्या बरं व्हावं म्हणून होत्या, या दुखू नये म्हणून.

कुठे जायचं असेल तर लवकर जाऊन या, असंही म्हणाल्या. शहाणी बाई आहे. जास्त गोड बोलली नाही.

यांना सांगेन. पण समुद्र बघून आल्यावर. लग्न झाल्यापासून ‘पुढच्या वर्षी नक्की’ ऐकतेय. आता तोंड पाडून गाडी चालवणारा नवरा मला नकोय. एकदाच जायचंय, तर नेहमीसारखे कुरकुरणारे हेच पुढे बसलेले हवेत.

३ सप्टेंबर

मीच विषय काढला. मोटरसायकलवरून जाऊ, धाकट्या बहिणीकडे मुक्काम करू, तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर. हे म्हणाले, बसने जाऊ, तुला झेपायचं नाही. मी हट्टाला पेटले. हे गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, टायर पार गुळगुळीत झालेत, आधी ते बदलावे लागतील.

म्हणजे हो! या माणसाचा होकार कधी तोंडातून सरळ आला नाही. कायम पान्याच्या पेटीतून येतो.

६ सप्टेंबर

घरात टायरपुराण सुरू आहे. जेवताना टायर, आंघोळीला जाताना टायर. आता मलाही सगळं पाठ झालं — मऊ रबराचा टायर रस्ता घट्ट धरतो, ओल्या वळणावर दगा देत नाही, पण भराभर झिजतो. कडक रबराचा लांबच्या पल्ल्याचा. झिजता झिजत नाही, पण ओल्यात जरा बेभरवशाचा. शहरात हिंडायचं की लांब जायचं, ते आधी ठरवा, असं सगळे सांगतात. यांना दोन्ही करायचंय. रोज कामावर आणि एकदा समुद्रावर.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लोकांच्या जिवाला जपायचं काम, त्यामुळे वस्तू टिकली पाहिजे हा एकच धर्म. छत्री लग्नाआधीची आहे. तीन काड्या तिच्या स्वतःच्या, बाकीच्या यांनी बसवलेल्या. चपला घेतानाही दुकानदाराला विचारतात, किती वर्षं? हा माणूस मऊ टायर घेणार? शक्यच नाही.

९ सप्टेंबर

टायरच्या दुकानात मलाही नेलं. दुकानदाराला सगळे ‘हवालदार’ म्हणतात. पूर्वी नुसती हवा भरायचा, म्हणून. यांनी आधी टायरवरची बनल्याची तारीख वाचली. जुना पडून राहिलेला माल नको. मग नखाने रबर दाबून बघितलं. मी कापड बघते ना, अगदी तसं.

हवालदार म्हणाला, वळणांचा रस्ता आहे, मागे वहिनी बसणार, मऊच घ्या. हे म्हणाले, चालेल किती? तो म्हणाला, चालेल कमी, पण धरून ठेवेल. हे अडले. ‘मग तूच सांग,’ मला म्हणाले.

वळणांची मला पहिल्यापासून भीती. मऊ म्हणायला तोंड उघडलंच होतं. पण मनात चोर! वाटलं, कमी चालणारी वस्तू मागितली तर कळेल यांना. आणि तोंडातून निघालं, ‘टिकाऊच घ्या. पुढे कितीतरी फिरायचंय आपल्याला.’

हे इतके खूश झाले! आपली बायको अखेर सुधारली असं वाटलं असणार. मला रडू आलं. रबराच्या वासाने डोळे चुरचुरतात म्हणून बाहेर जाऊन उभी राहिले.

मागच्या चाकात किती हवा भरायची ते मागे बसणाऱ्यावर ठरतं म्हणे. हवालदाराने वजन विचारलं. मी आजारपणाआधीचं सांगितलं, चांगलं ठणकावून. यांनी त्याच हिशेबाने हवा भरून घेतली आणि मागचा शॉकअपही, खड्ड्याचे दणके झेलणारी ती स्प्रिंग, कडक करून घेतला.

१० सप्टेंबर

आज पुन्हा स्वतःचे कुडते आत घेतले. लोकांचे कपडे बेतात आणून देणारी बाई, तिचे स्वतःचे ढगळ दिसून कसं चालेल? बाजूंना शिवण घातली, खांदे उचलले. आरशात ठीक दिसते. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडलेत.

११ सप्टेंबर

दुखलं. खूप. शिवणाचं मशीन चालू ठेवलं, म्हणजे कण्हण्याचा आवाज बाहेर जात नाही.

१३ सप्टेंबर

नव्या टायरला तुकतुकी असते. ती जाईपर्यंत जपून चालवायची, म्हणून शहराबाहेरच्या टेकडीपर्यंत फेरी मारायला गेलो. मी मागे. वारा छान होता. यांच्या खांद्यावर हात ठेवून बसले आणि वाटलं, सांगून टाकावं. नाही सांगितलं.

वळणावर कुणीतरी ट्रक धुतला होता. मागचं चाक वीतभर सरकलं. यांनी सावरलं. मी यांचा शर्ट घट्ट धरला! हसूच आलं नंतर — मला कशाची एवढी भीती?

पण त्यानंतर बिनसलं. खड्डा आला की गाडी मागून उडायची. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. हे थांबले. हवा मोजली, बरोबर. शॉकअप बघितला, बरोबर. मला उतरवलं, पुन्हा बसवलं, आणि मी बसताना गाडी किती दबते ते वाकून बघितलं.

‘सगळं दोघांच्या बेताने केलंय,’ म्हणाले. ‘मग गाडी मी एकटाच असल्यासारखी का चालतेय?’

मी म्हटलं, आज पहिल्यांदाच मागे बसून तोंड बंद ठेवलंय ना, म्हणून! ते हसले नाहीत. माझ्या मनगटाकडे बघत राहिले. मी बाही खाली ओढली.

१४ सप्टेंबर

हे दिवसभर गाडी पुसत बसले. गाडी स्वच्छच होती.

१५ सप्टेंबर

कामावरून उशिरा आले. कुठल्याशा लिफ्टचा दोर बदलायचा होता म्हणे. डोळे लाल. धूळ गेली म्हणाले. जेवले नाहीत. मला मात्र बळेच दोन घास जास्त वाढले आणि समोर बसून राहिले. मी चिडले! जेवताना कुणी असं टक लावून बघतं का? तरी उठले नाहीत.

मला शंका येतेय. खोटी असू दे.

१७ सप्टेंबर

सकाळी गाडी दारात. टायर दुसरेच. मऊ! नवे कोरे टिकाऊ टायर त्या हवालदाराला परत देऊन आले हे. मागची हवाही कमी केलीय, शॉकअप सैल केलाय. परवा दोराचं काम नव्हतंच. डॉक्टरांकडे जाऊन आले होते. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी तिथेच पायरीवर बसले.

नखाने रबर दाबून बघितलं आणि म्हटलं, ‘अहो, हे किती चालणार?’

‘तुला नेऊन आणेपर्यंत चालतील,’ म्हणाले. ‘पुढे मला कुठे जायचंय?’