काल मास्क घातला होतात का?

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे कागदावर. प्रत्यक्षात निम्मी अंगं वाकतात आणि उरलेली कुरकुरतात.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला का, की तू बोलायला लागलीस की मध्येच खोकायला हवा म्हणून त्यांनी तो राखून ठेवलाय? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटीने वाच.

रविवारी तर फोनवर बोललो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतेस कसा आहेस, मी म्हणतो मजेत. मग तू भाऊजींना ओरडतेस की तो टीव्ही बारीक करा, ते नेमका मोठा करतात, तू म्हणतेस ठेवते रे, आणि ठेवतेस. त्यात माझी काही तक्रार नाही, पण जे सांगायचंय ते त्या 'मजेत'च्या पुढे कधी जातच नाही. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच टीव्ही लावता येत नाही.

तर बातमी अशी की तुझ्या भावाला घोरण्याचा आजार झालाय. आता तू कपाळावर हात मारून म्हणशील, झालाय कसला, पाळण्यात होता तेव्हापासून आहे. बरोबर आहे. लहानपणी आपण एका अंथरुणावर झोपायचो तेव्हा तू माझं नाक चिमटीत धरायचीस, मी धडपडून उठायचो आणि तू गाढ झोपेचं सोंग घ्यायचीस. पण आता त्याला नाव मिळालंय. स्लीप ॲप्निया. म्हणजे झोपेत श्वास थांबतो, मग शरीर दचकतं, श्वास सुरू होतो, पुन्हा थांबतो, असा रात्रभर खेळ. सकाळी माणूस झोपून उठल्यासारखा दिसतो, पण असतो रात्रभर हमाली केलेला.

हे उघडकीला आलं दुकानात. एक वकीलबाई नवा चष्मा न्यायला आल्या होत्या. (चष्म्याची फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवणं या कामात माझा जन्म गेला, हे तुला सांगायला नको. तुझा चष्मा घसरत नाही तो माझ्यामुळे.) मी त्यांच्या समोर उभा राहिलो, दोन्ही काड्या कानांमागे बसवल्या, हात तसेच कानांवर ठेवून म्हटलं, समोर बघा. आणि त्या समोर बघत असताना माझाच डोळा लागला. उभ्या उभ्या! बाई बिचाऱ्या हलल्या नाहीत, त्यांना वाटलं काही बारीक माप चाललंय. मी घोरायला लागलो तेव्हा मात्र त्यांना शंका आली. मालक धावत आला. (मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. वयाने माझ्या मुलाएवढा, पण पगार देतो म्हणून मोठा.) त्याने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि डॉक्टरकडे गेल्याशिवाय कुणाच्या कानाला हात लावायचा नाही असा दम भरला.

डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, घोरता का. म्हटलं, मला कसं कळणार, त्या वेळी मी झोपलेला असतो. मग म्हणाला, घरात कुणाला तरी विचारून या. ताई, एवढा शिकलेला माणूस, आणि कसला प्रश्न विचारतो बघ. मी हो म्हणून बाहेर आलो. घरात कपाट आहे, गॅस आहे, एक खुर्ची आहे. ही असती तर तिने डॉक्टरला बसवून ऐकवलं असतं. मी घोरायला लागलो की तिचं कोपर माझ्या बरगडीत यायचं, मी कुशीवर व्हायचो, आणि सकाळी दोघांनाही आठवत नसे. श्वास थांबला की तो चालू करायचं यंत्र आमच्या घरात आधीपासून होतं, फक्त ते तिच्या खांद्याला जोडलेलं होतं, हे मला आत्ता या वयात समजलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही घोरता होय, आम्हाला वाटलं रात्री कपाट सरकवता. ती साक्ष डॉक्टरने मान्य केली.

मग तपासणी झाली, मग मशीन आलं. डब्याएवढं मशीन, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बांधायचा मास्क. मशीन हवा ढकलतं आणि श्वास थांबू देत नाही. ते समजवायला एक मुलगी घरी आली. मी तिला मशीनवाली म्हणतो, तिची हरकत नाही. ती वेगवेगळ्या मापांचे मास्क घेऊन आली होती, आणि माझ्याकडे एकदा बघून तिने मोठ्या मापाचा उचलला. मला राग आला. अगं, नाकाच्या बाबतीत मला कुणी शिकवावं? लोकांची नाकं मी नजरेने मोजतो. म्हटलं, पोरी, हे मध्यम नाक आहे. ती म्हणाली, काका, मोठं आहे. मी म्हणालो मध्यम. तिने हात जोडले आणि मध्यम देऊन गेली. (आपल्या बाबांचं नाक तुला आठवतं ना? माझं तसं नाही, असं मी आजवर धरून चाललो होतो. आरशात आपण समोरून दिसतो, आणि समोरून सगळीच नाकं गरीब दिसतात.)

व्हायचं तेच झालं. मध्यम मास्कच्या दोन्ही बाजूंनी हवा सुटायची. एक झोत डाव्या डोळ्यात, आणि दुसऱ्या बाजूने शिट्टी. मास्तर खालून विचारायला आले की कुकर लावून झोपता का. आता शहाणा माणूस त्या मुलीला फोन करून सांगेल की बाई, तुझं खरं, मोठा पाठव. पण मी हाडाचा चष्मेवाला. फ्रेम बसत नसली तर आम्ही काय करतो? हीटरच्या गरम हवेवर धरतो, प्लास्टिक मऊ होतं, हवं तसं वाकवतो, बसली. मी मास्क रुमालात गुंडाळून दुकानात नेला आणि मालक जेवायला गेल्यावर हीटरवर धरला. आधी काही होईना. थोडा जवळ नेला. तरी काही होईना. म्हटलं, चिवट आहे लेकाचा. आणि एकदम त्याने मान टाकली. वरचा भाग खाली आला, खालचा आत गेला, आणि काउंटरवर जे उरलं ते नाकाला नाही, फार तर गुडघ्याला लावता आलं असतं. (तुला हवा असेल तर पाठवतो.) मालक आला, वास घेतला, मास्क बघितला, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन हसला. समोर हसला असता तर बरं वाटलं असतं.

मशीनवालीला फोनवर सांगितलं की उन्हात राहिला. ती म्हणाली, काका, ऊन एवढं वाकडं नसतं. पण ओरडली नाही. मोठ्या मापाचा मास्क घेऊन आली, स्वतः पट्टे ओढून बसवला, आणि काय सांगू, बसला की गं! नाकाला आपलं घर सापडलं. तिने तोंडावर हसू आणलं नाही, एवढी ती चांगल्या घरची.

एक अडचण मात्र मशीन आलं तेव्हापासून होती. आमच्या खोलीत पलंगाजवळ प्लग एकच, आणि तो हिच्या बाजूला. नळी माझ्या बाजूपर्यंत पोचत नाही. म्हणून मी हिच्या जागेवर झोपायला लागलो. इतक्या वर्षांच्या संसारात त्या जागेवर मी कधी आडवासुद्धा झालो नव्हतो. तिथून खिडकी दिसते, दार दिसतं, आणि कूस बदलली की माझी जागा दिसते, रिकामी. तोंडावर नळी लावून माणसाला धड रडताही येत नाही, ताई. मास्क गळायला लागतो आणि मशीन कुरकुर करतं.

असो. मोठा मास्क आला त्या रात्री मी तो काढून उशाशी ठेवला आणि तसाच झोपलो. आणि सकाळी फोन वाजला! आमच्याकडे सकाळी फोन वाजत नाही. मुलगा दूर, त्याची सकाळ आपल्या रात्री होते, आणि तो फोनवर फक्त अंगठा पाठवतो. (बाप वारला म्हणून कळवलं तरी आधी अंगठा येईल, मग चूक सुधारेल.) फोन मशीनवालीचा होता. तिने विचारलं, काका, काल मास्क घातला होतात का? त्या मशीनच्या पोटात काहीतरी आहे, ते रात्रीची सगळी हकीगत तिच्याकडे पोचवतं. चुगलखोर मेलं. मी म्हटलं, जरा गुदमरलो होतो. मग तिने विचारलं, जेवलात का वेळेवर, उशी उंच आहे का, आता बरं वाटतंय का. मी सगळी उत्तरं सविस्तर दिली. दिवस फार छान गेला.

दुसऱ्या रात्री शहाण्यासारखा मास्क घातला. झोप अशी लागली की उठलो तेव्हा मला वाटलं मी दुसराच कुणीतरी आहे. आणि फोन आला नाही. वाट बघितली, चहा दोनदा केला. नाहीच. तुझा भाऊ गणितात कच्चा, पण हे गणित त्याला पटकन सुटलं. घातला की फोन नाही, काढला की फोन.

आता रागवू नकोस. मी काढायला लागलो. रोज नाही, पण होता होता जवळजवळ रोजच. सकाळी दाढी करून, चहा घेऊन फोनजवळ बसायचं. कारणंही तयार ठेवायचो. एकदा मास्कमध्ये डास शिरला होता. एकदा शिंक आली आणि पट्टा सुटला. एकदा म्हटलं वीज गेली होती, तर ती म्हणाली, काका, मशीन रात्रभर चालू होतं, फक्त तुम्ही त्यात नव्हता. चोरी पकडली गेली, पण बोलणं लांबलं, म्हणजे फायदाच. एकदा तिने विचारलं, काकू नाहीत का आठवण करायला? मी म्हटलं, नाहीत. ती म्हणाली, मग मी करीन फोन.

इकडे दुकानात पुन्हा डोळे मिटायला लागले. डॉक्टरने बोलावून स्पष्ट सांगितलं की हे असंच चाललं तर एखादा श्वास थांबेल तो थांबेलच. मी मान डोलावली. मनात म्हटलं, डॉक्टरसाहेब, श्वास चालू ठेवला तर फोन थांबतो, त्याचं औषध काय?

आज सकाळी फोन आला. मी म्हटलं, बाई, काय सांगू, काल तो डास परत आला. चांगलं रंगवून सांगितलं, डासाच्या बायकोसकट. पलीकडून आवाज आला, मशीन वापरलं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा. रेकॉर्ड केलेली बाई होती ती. आता सगळ्यांना असेच फोन जाणार आहेत म्हणे, मशीनवालीला दुसरं काम दिलंय. मी दोन दाबलं. ती म्हणाली, धन्यवाद. फोन बंद.

तर अशी सगळी गंमत. बाकी सर्व मजेत. माझी काळजी करू नकोस. मोठ्यांना नमस्कार, म्हणजे तुम्हां दोघांनाच, आपल्याहून मोठं आता उरलंय कोण!

तुझा,
मध्यम नाकाचा धाकटा

ता. क. तुझ्या चष्म्याची डावी काडी ढिली झाली असेल. नसली तरी झाली असं समजून पाठव, घट्ट करून देतो.

ता. क. वरचं ते 'बाकी सर्व मजेत' खरं नाही. सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होतो, पण तुला खाडाखोड आवडत नाही.

ता. क. हे एवढं विचारायला सगळं पत्र लिहिलं. रोज सकाळी एक फोन करशील का? रविवारचा तो वेगळा, टीव्हीवाला. हा छोटा. कसा आहेस विचारू नकोस, मी मजेत म्हणीन. फक्त विचार, मास्क घातला होतास का रे? शिव्या दिल्यास तरी चालतील. मी खरं सांगीन, तुझ्याशी खोटं बोलून आजवर कुणाचं भलं झालंय? पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतील. तोवर तू विचारणारच आहेस असं धरून मी आज रात्रीपासून घालतो.