अठ्ठावन्न टक्क्यांचा फ्लेक्स

ता. श्रीगोंदा, जुलैचा पहिला आठवडा

आदरणीय आसाराम दाजींना धाकटा मेहुणा कानिफनाथ याचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? बनुताईची शुगर कशी आहे? इकडे माणसं, गुरं आणि ऊस ठीक. (फोनच केला असता, पण तो ताई उचलते आणि तासाभराने ठेवते, तुमच्यापर्यंत येतच नाही.) तुम्ही संगमनेरच्या कॉलेजच्या ऑफिसात आहात म्हणून वशिल्यासाठी लिहितोय असं मात्र समजू नका.

गेल्या वर्षी आमच्या राजेश्वरीला बारावीला अठ्ठावन्न टक्के पडले, तेव्हा आनंदाच्या भरात मी एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला. वर 'घवघवीत यश', खाली अठ्ठावन्न, आणि माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा (तो फ्लेक्सवाल्याचा आगाऊपणा, मी फक्त फोटो दिला होता). पोरगी महिनाभर स्टँडकडे फिरकली नाही. पुढे तुमच्या कॉलेजची बीएस्सीची यादी चौऱ्याहत्तरला बंद झाली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

तिने श्रेणीसुधारचा फॉर्म भरून सगळे पेपर पुन्हा द्यायचं ठरवलं. पण पास झालेली पोरगी परत परीक्षेला बसते, हे गावाला पटेना. शेजारच्या लंकाबाई तर टोपलीत पिठलं-भाकरी घेऊन आल्या (मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून नेतात, तशी) आणि ओसरीवर बसून म्हणाल्या, "व्हायचं ते हुतं बाबा. पोरीला बोलू नगं."

मी म्हटलं, "मावशी, नापास न्हाई झाली ती."

"व्हय व्हय, असंच म्हनायचं असतं."

पिठलं चांगलं होतं, म्हणून वाद वाढवला नाही.

फ्लेक्स उतरवून मी गोठ्याच्या कुडाला बांधला (चांगलं कापड वाया का घालवा). राजेश्वरी अभ्यासाला बसायची ती नेमकी त्याच्या समोरच्या खिडकीत. वर्षभर तिच्यापुढे अठ्ठावन्न आणि माझं हसरं तोंड. काढू का, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पप्पा. तुमच्याकडं बघितलं की राग येतो, आन् राग आला की फिजिक्स जमतं."

मे महिन्यात निकाल लागला, एकोणऐंशी. मी फ्लेक्सवाल्याकडे निघालो तर तिने माझ्या चपला लपवल्या. ते बरंच झालं म्हणायचं, कारण यंदा सगळ्या जिल्ह्यानेच अभ्यास केला असावा, पहिली यादी ऐंशीला थांबली. एका टक्क्यासाठी पोरगी दोन दिवस जेवली नाही. परवा दुसरी यादी लागली आणि तिचं नाव त्यात सतरावं निघालं. मी गोठ्यात जाऊन रडलो. हे ताईला सांगू नका.

आपला,
कानिफनाथ

ता.क. खरं काम असं, की ती यादी कॉलेजच्या शिक्क्यासह पाठवा. लंकाबाईंना दाखवायची आहे. लॅमिनेशन मी इकडे करीन.

ता.क. दुसरा. राजेश्वरीने पत्र वाचलं. आधी गोठ्याचा फ्लेक्स काढा, मग यादी मागा, म्हणते. काढला. आता म्हशीला वारं लागतं.

ता.क. तिसरा. पत्र तिच्याबरोबरच द्यायचं होतं, विसरलो. काल तिला होस्टेलवर राहायला संगमनेरच्या एसटीत बसवून आलो. घरी कुणाला चूल पेटवावीशी वाटली नाही. संध्याकाळी लंकाबाई टोपली घेऊन आल्या. या वेळी मी त्यांना काही समजावलं नाही, मुकाट्याने दोन भाकरी खाल्ल्या. यादी राहू द्या, रविवारी तिला जेवायला बोलवत जा.