विहिरीच्या पानावर

आबा, तुमची ती लाडकी कादंबरी काल पुन्हा वाचून काढली आणि माझं मत तेच आहे. शेवट खोटा आहे. समुद्राचं वर्णन उत्तम, सासूचं बोलणं तर शेजारच्या घरातून ऐकू यावं असं. पण पुस्तकभर ताठ मानेने जगलेली विधवा शेवटी विहीर का जवळ करते, हे लेखकालाही ठाऊक नाही. तिचं पुढे काय करायचं ते त्याला सुचलं नाही, एवढंच. मी फक्त जुन्यांवर खार खाऊन आहे असंही समजू नका. नव्या कादंबऱ्यांतला नायक भाड्याच्या खोलीत छताकडे बघत स्वतःशीच भांडतो, आणि त्याला दोन वेळचं जेवण कोण करून घालतं याचा लेखकाला पत्ता नसतो. तसली एक मी अर्ध्यावर सोडली. तुमच्या घरात हे पाप होतं.

तुम्ही कादंबरी पोथीसारखी वाचायचात. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असायच्या. शाळेत शिकवून तुम्ही घरी आलात की तारकर्लीच्या आपल्या पडवीत चौरंगावर पुस्तक, बाजूला कंदील, समोर वाडीतली माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. मध्येच बोलायचं नाही, नावं ठेवायची नाहीत. समाप्तीला नारळ फोडायचा, त्यातली एक वाटी वाचणाऱ्याची. मी नववीत असताना नेमका समाप्तीच्या दिवशी तुमचा घसा बसला आणि पुस्तक माझ्याकडे आलं. समोर शेजारची काकी बसली होती, विशीतच कुंकू पुसलं गेलेली. विहिरीचं पान आलं तेव्हा मी काकीकडे पाहिलं. मग मी वाचल्यासारखं करत त्या विधवेला मुंबईच्या बोटीत बसवून दिलं.

"सुटली गो बाय ती," काकी म्हणाली. बायकांनी नारळ फोडायचा नसतो. तिने उठून फोडला आणि कोणी अडवलं नाही. तुम्हाला पुस्तक तोंडपाठ. बसलेल्या घशानेही तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंत, "पोथी बदलूक तू कोण गो?"

तेव्हा मी मान खाली घातली. आज उत्तर देते. मी वाचक. पुस्तकाला मी डोळे दिलेत, हात जोडलेले नाहीत. आवडलं तर डोक्यावर घेईन, खोटं वाटलं तर तोंडावर सांगेन. पुन्हा वेळ आली तर तिला पुन्हा बोटीत बसवेन, आणि या खेपेला बरोबर ट्रंकही देईन.

तुम्ही गेलात तिकडचं पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून हे त्याच कादंबरीत विहिरीच्या पानावर ठेवते. तुमचा तो प्रश्न मी आयुष्यभर ज्याला त्याला रागाने सांगत आले. त्यानंतरचं मात्र कोणाला सांगितलं नाही. माणसं पांगल्यावर तुम्ही खोबऱ्याची वाटी माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "घे. वाचणाऱ्याची ती." हे सांगितलं की माझा राग पातळ होतो, आणि तो मला अजून हवा आहे.